नवख्याची वर्गणी

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात सर्वांत मोठा मान ज्याला मिळाला, तो मुळात आळ्याचा नव्हताच. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं सांगतात, तो रेडा आळंदीच्या परतीच्या वाटेवर इथे आला आणि इथेच त्याने देह ठेवला. गावाने त्याला समाधी दिली, देऊळ उभारलं, यात्रा सुरू केली. इतिहास म्हणून ही कथा कितपत टिकते हा वेगळा विषय. कथेतला विरोधाभास मात्र डोळ्यांत भरणारा आहे. ज्ञानेश्वरादी ज्या चार भावंडांबरोबर हा रेडा आला, त्यांना त्यांच्याच गावाने ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलं होतं आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची पायपीट करावी लागली होती. आपल्यातच जन्मलेल्यांना एक गाव नाकारतं आणि दुसरं गाव परक्या जनावराला देव्हाऱ्यात बसवतं. समाधिस्थ रेडा पाण्याची पाळी मागत नाही, बांध कोरत नाही, की सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं.

बाहेरून आलेल्याला गाव आपलं कधी म्हणतं, हा प्रश्न आज बऱ्याच जणांना पडलेला आहे. पुण्यातला फ्लॅट विकून धरणाकाठी घर बांधणारे निवृत्त लोक, धरणात घरदार गेलेली कुटुंबं, फाट्यावर पोटासाठी आलेले परप्रांतीय आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या आडगावी संसार थाटायला निघालेली इथलीच पोरं, सगळे त्याच रांगेत उभे आहेत. यावर लिहिताना गावाच्या मनाचा मोठेपणा किंवा कोतेपणा यांवर फार शाई खर्च होते. मला मनापेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. येणारा काय घेऊन आला आणि येताना त्याच्यासाठी कोणाचं काय गेलं, एवढं पाहिलं की गावाच्या वागण्याचा बराचसा उलगडा होतो.

जुन्नरच्या लेण्यांत या हिशेबाचे फार जुने पुरावे कोरलेले आहेत. नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांशी व्यापार चालत होता, त्या काळातले म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेख. त्यांत यवन म्हणवणारे तीन दाते भेटतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, खोदून दिल्या, चिट नावाच्याने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला, तिसऱ्या चंदाने लेण्याचा दर्शनी भाग करवला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम यानेही इथे पोढी आणि मंडप दिला. परका माणूस परक्या मुलखात येतो आणि प्यायला पाणी नि बसून जेवायला जागा देतो. त्याच्या मनात पुण्य असेल, व्यापार असेल, दोन्ही असेल. नाव मात्र इथल्या लिपीत, इथल्या भाषेत, इथल्या कातळावर राहिलं. नवख्याने भरलेली ही सर्वांत जुनी वर्गणी म्हणायला हरकत नाही.

मध्ययुगातल्या गावगाड्याने तर नवख्याची व्यवस्थाच लावलेली होती. वंशपरंपरागत जमिनीचा मालक तो मिरासदार. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदाराला सारा भरावा लागे, वर मिरासपट्टीही पडे; पण गावकीत बसायचा हक्क त्याचा, मानपान त्याचे, गाव सोडून गेला तरी परत येऊन जमीन मागायचा अधिकार त्याचा. उपऱ्याला जमीन बऱ्याचदा हलक्या दराने मिळे, पण गावकीत शब्द नसे. तरीही दार कायमचं बंद नव्हतं. पैसे मोजून, पाटील आणि गोताच्या साक्षीने मिरासपत्र करून घेतलं की उपऱ्याचा मिरासदार होई. दुष्काळाने किंवा स्वाऱ्यांनी गाव उजाड झालं की मग गरज उलटी फिरे. पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून नव्या कुळांना इस्ताव्याचा कौल दिला जाई. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरवर्षी थोडा चढता, काही वर्षांनी पुरा. जमीन जास्त आणि हात कमी असले की नवखा हवासा होतो, हात जास्त झाले की तोच डोळ्यांत खुपतो. त्रिंबक नारायण अत्रे यांनी ‘गावगाडा’त (१९१५) याच गावकीची चिरफाड केली आहे. गावाबद्दल हळवं होण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ते पुस्तक जरूर वाचावं.

आता धरणं. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं झाली. आळे, बेल्हे, राजुरी या पूर्वेकडच्या पट्ट्याला पाणी मिळालं ते या जोरावर. त्याआधी इथली शेती पावसाच्या आणि विहिरीच्या भरवशावर होती. पाण्याखाली गेली ती पश्चिमेकडची, सह्याद्रीच्या कुशीतली गावं. घोड नदीवरच्या डिंभ्याने तर ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगावच गिळलं. तालुका अजून आंबेगाव म्हणवतो, कचेरी घोडेगावला आहे.

विस्थापितांसाठी महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला, त्याची सुधारित रूपं १९८६ आणि १९९९ साली आली. देशात असा विचार करणारं हे पहिल्या काही राज्यांपैकी एक, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. तत्त्व न्यायाचं होतं. कालव्याचा लाभ ज्याला, त्याने मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या जमिनीतला हिस्सा धरणग्रस्ताला द्यावा. कागदावर याहून चोख काय असणार! पण शिवारात त्याचा अर्थ असा झाला की अनोळखी माणसाचं पाऊल गावात पडण्याआधी त्याच्या नावाने लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर शेरा पडला. इतर हक्काच्या रकान्यात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असं एकदा चढलं की विक्री अडली, वाटप अडलं, कर्ज अडलं. कोणाच्या मुलीचं लग्न त्या शेऱ्यामुळे वर्षभर पुढे गेलं असेल, तर तो माणूस येणाऱ्या धरणग्रस्ताकडे कोणत्या नजरेने बघणार? वाद सरकारशी होता, पण सरकार बांधाला बांध लावून राहत नाही. धरणग्रस्त राहतो.

येणाऱ्याची बाजू याहून अवघड. भात, नाचणी, वरई काढणारा माणूस काळ्या रानात उभा केला. त्याला उसाची बांधणी ठाऊक नाही, पाटाच्या पाळीसाठी कोणाला भेटायचं हे ठाऊक नाही, वाट्याला आलेली जमीन बहुधा गावाने नाखुशीने सोडलेली, म्हणजे चढाची नाहीतर खडकाळ. त्यात पुनर्वसनाचं गावठाण मूळ गावापासून हटकून बाजूला. नियमानुसार अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात. रस्ता, शाळा, पाणी, समाजमंदिर, अगदी स्मशानभूमीसुद्धा. सुविधा मिळाल्याच पाहिजेत, बऱ्याच ठिकाणी त्या अर्धवटच आहेत. तरी एक गोष्ट नजरेआड होते. शाळा वेगळी, पाणवठा वेगळा, देऊळ वेगळं आणि सरणही वेगळं असलं की दोन गावांनी भेटायचं कुठे? दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर गाव म्हणून एकत्र हललेल्या माणसांना आपला देव आणि आपली भावकी सोबत राहते, आणि एकेकटं विखुरण्यापेक्षा ते त्यांना हवंच असतं. मला यात सोपा निकाल देता येत नाही.

डिंभ्याच्या वर राहिलेल्या आदिवासींनी तर स्थलांतराचा रस्ताच नाकारला. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की उघड्या पडणाऱ्या गाळपेराच्या जमिनीवर पीक घ्यायचं, भरल्या पाण्यात मासेमारी करायची, असा मार्ग त्यांनी काढला. त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली ‘शाश्वत’ संस्था आणि तिच्या कुसुम कर्णिक व आनंद कपूर ही माणसंही बाहेरूनच आलेली. पण त्यांच्या येण्याने कोणाचा सातबारा आक्रसला नाही, उलट गेलेल्यातलं थोडं हाती आलं. त्यामुळे त्यांच्या स्वीकाराचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला.

माळीणची गोष्ट वेगळी. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळून गाव गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे गावाच्या हद्दीत नवं गाव बांधलं आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये घरं ताब्यात दिली. पहिल्याच पावसाळ्यात भराव खचल्याच्या बातम्या आल्या, त्यावर बरंच बोललं गेलं. पण तिथे ‘कोण हे उपरे’ असा सूर उमटला नाही. बोली एक, डोंगर एक, सोयरीक आधीची. नात्याच्या माणसाने आपल्या शिवारात घर बांधलं तर तो नवखा ठरत नाही.

याच्या अगदी उलट नंदुरबारमध्ये घडलं. सरदार सरोवराच्या विस्थापितांना तळोद्याच्या जंगलातली जमीन मोकळी करून दिली गेली. ती वनखात्याच्या नोंदीत होती, पण तिथे आधीपासून स्थानिक आदिवासी कसत होते. आदिवासीला जागा द्यायला आदिवासीचीच भाकरी काढून घेतली. येणारा आणि असणारा दोघंही गरीब, दोघांची देवदैवतंही फार लांबची नाहीत, तरी तेढ निर्माण झाली. जातभाई असला, धर्मबंधू असला म्हणून स्वीकार सोपा होतो, हा समज अशा ठिकाणी गळून पडतो.

बाहेरच्या जगात या विषयावरचा एक अभ्यास अजून ताजा वाटतो. नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉटसन यांनी इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका वस्तीचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला. दोन आळ्या, दोन्ही कामगारांच्या. वंश एक, भाषा एक, मिळकत सारखी. फरक इतकाच की एका आळीतली घराणी दोन-तीन पिढ्या तिथे होती आणि दुसरीतली नंतर आली होती. तेवढ्यावर जुन्यांनी नव्यांना घाणेरडे, भांडकुदळ ठरवलं. जुन्यांचं हत्यार होतं कुचाळक्या. नव्यांतल्या चार वाईट घरांवरून अख्खी आळी नासकी, आणि आपल्यातल्या चार चांगल्या घरांवरून आपण सगळे खानदानी. ज्याने आपल्याकडे पारावरच्या गप्पा ऐकल्या आहेत त्याला हे इंग्लंडला जाऊन शोधायची गरज नव्हती, पण शोधलं ते बरं झालं.

गावात बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा भरणा कोणाचा, हे या चर्चेत कोणी विचारत नाही. सुनांचा. निम्मं प्रौढ गाव लग्न होऊन आलेलं असतं. त्यांचा स्वीकार आपण गृहीत धरतो, कारण त्याची रीत ठरलेली आहे: माप ओलांडणं, पहिली संक्रांत, डोहाळजेवण. पण नात झाली तरी सून ‘ओतूरची’ किंवा ‘मंचरची’ म्हणूनच ओळखली जाते. अलीकडे शेतकरी मुलांना मुली मिळेनात, तेव्हा दूरच्या जिल्ह्यांतून, कधी परराज्यांतूनही सुना येऊ लागल्या आहेत. सासूबाईंना तिची भाकरी नीट थापलेली दिसत नाही आणि तिला सासूबाईंची बोली कळत नाही. तिच्याबरोबर ना गोत येतं ना माहेरची ये-जा. धरणग्रस्ताला निदान मोर्चा काढता येतो.

आता याची दुसरी बाजू. तीस वर्षं मुंबईत राहणारा माणूस गावकरी असतो आणि तीस वर्षं गावात राहणारा पाहुणा असतो, हे कसं? जुन्नर-आंबेगावचं मुंबईशी नातं जुनं. मस्जिद बंदरातले माथाडी, भाजी मार्केटातले व्यापारी, डबेवाले या पट्ट्यातून गेले. गावाच्या यात्रेची बैठक भरते तेव्हा पहिला प्रश्न असतो, मुंबईकर मंडळ किती देणार. माणशी किती, उंबऱ्यामागे किती, तमाशाचा खर्च कोणाकडे, यावर तास-दोन तास घासाघीस चालते. कोणी म्हणतो पोरगा नोकरीला लागला त्याचे वेगळे घ्या, कोणी म्हणतो औंदा कांद्याने मारलं, सूट द्या. मग पावतीपुस्तक घेऊन पोरं दारोदार फिरतात, रात्री लाउडस्पीकरवरून नावासकट रक्कम पुकारली जाते, आणि मोठे आकडे देवळाच्या भिंतीवर संगमरवरात जातात. ज्याच्या दाराशी ती पोरं पावती घेऊन थांबतात तो गावचा. जे दार ती ओलांडून पुढे जातात तिथे राहणारा अजून गावचा झालेला नाही. नवख्याला वर्गणीचा त्रास वाटतो. न मागण्यातला अपमान मोठा असतो, हे बऱ्याच उशिरा कळतं. फार्महाऊसवाल्यांची चूक बहुधा इथेच होते. ते शाळेला संगणक देतात, झाडं लावून देतात, पण यात्रेच्या बैठकीला खाली सतरंजीवर बसत नाहीत.

ही मिरासदारीही अभंग नाही. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या साथीत, महाराष्ट्रभर गावांच्या वेशीवर दगड-लाकडं टाकून रस्ते अडवले गेले, आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या स्वतःच्याच माणसांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं गेलं. संगमरवरावर नाव असलेला माणूस शाळेच्या वर्गात आणि घरचा डबा दाराबाहेर. भीती खरी होती, गावाला दोष देता येत नाही. पण गावकरी असणं हेही शेवटी एक कूळवहिवाटच, दरसाल चालू ठेवावी लागणारी, हे मुंबईकरांना त्या उन्हाळ्यात उमजलं.

संस्था म्हणून आलेल्या नवख्याचं उदाहरण जुन्नर तालुक्यातल्याच खोडदला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने, तिथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यांतल्या चौदा खोडदजवळ एकत्र, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. या पाहुण्याला शांतता लागते, म्हणजे आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींना त्रास देणारे उद्योग आसपास नकोत. नारायणगावच्या पोराला एमआयडीसीत नोकरी हवी असेल तर त्याला या दुर्बिणीचा राग येणं साहजिक आहे. तो राग मावळला असं म्हणणार नाही. पण दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, दूरदूरच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन हजारोंनी येतात, फाटकं उघडी असतात. खोडदला दुसरी जत्रा मिळाली. या शास्त्रज्ञांना वर्गणी कशी भरायची ते कोणी शिकवलं नसणार, पण त्यांनी नेमकी भरली.

मराठी माणूस परमुलखात नवखा झाला त्याच्या कथांत मला बेने इस्रायलींची सर्वांत बोलकी वाटते. कोकणपट्टीत शतकानुशतकं राहिलेले हे ज्यू, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. गावाने त्यांना काही विचारलं नाही. घाणा चालवता ना, तेल चांगलं देता ना, मग शनिवार तुमचा. आडनावंसुद्धा गावावरून पडली: पेणकर, चेऊलकर, किहीमकर. स्वीकाराची याहून पक्की पावती नाही. इस्रायल स्थापन झाल्यावर ते ‘आपल्या’ देशात गेले तेव्हा मात्र प्रश्न सुरू झाले. कामात आणि घरांत भेदभाव होतो म्हणून १९५१ साली बेरशेबातल्या काहींनी धरणं धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली, आणि काही जण खरंच परतले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की यांच्याशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासा. दोन वर्षं निदर्शनं चालली, तेव्हा कुठे १९६४ साली ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचं सरकारने जाहीर केलं. परक्या धर्माच्या कोकणी गावाने जे कधी मागितलं नाही, ते शुद्धिपत्र स्वधर्मीयांनी मागितलं. दिमोना, लोद, अश्दोदमध्ये वसलेली ही मंडळी आज तिकडची झाली आहेत, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवत आली आहेत. मॉरिशसला ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची वाट याहून सरळ निघाली. तिथे गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

आज बाहेर जाणाऱ्यांसमोरचं दार कसं आहे, तेही पाहावं. ऑस्ट्रेलियाने २०१९ च्या अखेरीस सुरू केलेल्या ४९१ क्रमांकाच्या व्हिसावर सर्वांत मोठी शहरं सोडून प्रादेशिक भागातच राहायचं असतं, आणि काही वर्षं तिथे काढल्यावरच कायम वास्तव्याचा मार्ग खुला होतो. अमेरिकेत परदेशी डॉक्टरला मायदेशी परतण्याची अट माफ हवी असेल, तर बहुधा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं सेवा द्यावी लागते; कित्येक मराठी डॉक्टर असेच मक्याच्या शेतांमधल्या छोट्या गावांत पोचले. कॅनडाने २०१९ मध्ये अकरा छोट्या शहरांसाठी प्रयोग केला, त्यात त्या गावानेच उमेदवाराची शिफारस करायची होती. म्हणजे इस्ताव्याचा कौलच नव्याने दिला गेला. कसायला माणूस नाही, या, थोडी वर्षं राहून दाखवा, मग हक्क घ्या. मात्र शिफारसपत्राने गावात जागा मिळते, गावकीत नाही. तिथली गावकी बेसबॉलच्या मैदानावर, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत आणि स्वयंसेवी अग्निशमन दलात भरते. आपली माणसं तिथे बिचकतात आणि शनिवार-रविवारी तीनशे किलोमीटर गाडी हाकून जवळच्या महाराष्ट्र मंडळात जातात. त्यांना दोष देऊ नये. पण चार वर्षांनी ‘इथले लोक मिसळत नाहीत’ अशी तक्रार करताना आपण किती बैठकांना खाली बसलो, तेही मोजावं.

परत इकडे. आळ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर आळेफाटा आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे हॉटेलं, गॅरेजं, कांद्याचा बाजार आणि दवाखाने उभे राहिले, आणि एक शहरवजा वस्ती झाली. तिथे राजस्थानी मिठाईवाला, केरळी टायरवाला, उत्तरेकडचा सुतार यांना कोणी उपरा म्हणत नाही. फाट्यावर जुनं असं कोणीच नाही, सगळेच रस्त्यामागून आलेले. पण तोच सुतार मुलांना घेऊन गावात घर भाड्याने घ्यायला गेला की घरमालक आधी आडनाव विचारतो, मग मटण शिजवता का ते विचारतो.

सर्वांत खालची पायरी मात्र हंगामी मजुराची. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या येतात. उसाचं वाढं आणि ताडपत्री यांच्या कोप्या, त्याही शिवाराच्या कडेला. रात्री तीनला उठून फडात जायचं, पोरं कोपीत किंवा थेट सरीत निजवायची. बिबट्याच्या हल्ल्यात जाणारी मुलं पाहिली की त्यांत मेंढपाळांची आणि ऊसतोड्यांची नावं पुन्हा पुन्हा दिसतात, कारण पक्की भिंत त्यांच्याच वाट्याला नसते. बिबट्या तर उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. त्याच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. टोळी वर्षानुवर्षं त्याच बागायतदाराकडे येते, मुकादम त्याला मामा म्हणतो, लग्नाची पत्रिकाही पाठवतो. तरी गावाच्या मतदारयादीत, रेशनच्या यादीत, वर्गणीच्या वहीत ती कुठेच नसते. उचल फिटली की ती निघून जाणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

आणि जो जाणार नाही, फाट्यावरच राहणार आहे, त्याच्यापुढे भिंत आहे ती कायद्याची. पेशवाईतल्या उपऱ्याला पैसे जमवून मिरास विकत घेता येत होती. आज १९४८ च्या कूळ कायद्याचं ६३ वं कलम सांगतं की जो शेतकरी किंवा शेतमजूर नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या आणि बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून ही तरतूद आहे, आणि ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण शेतकरी दाखला पैदा करून पुण्याचा बिल्डर कसा वाट काढतो हे तालुक्यातल्या प्रत्येक एजंटला माहीत आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांना दारं-खिडक्या बसवणाऱ्या, मुलांना इथल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घातलेल्या बिनशेतीच्या सुताराला मात्र शेजारच्या रानातले दहा गुंठेसुद्धा परवानगीशिवाय आपल्या नावावर करून घेता येत नाहीत.